घरामागे १२ बाय १० चा डेक करायचाय, मटेरियल किती लागेल? (बजेट ४५ हजार)

पिंप्राळ्याचा_पोऱ्या:
राम राम मंडळी. जळगावला घर आहे, मागे मोकळी जागा, सगळी काळी माती. स्वयंपाकघराच्या दारातून खाली उतरायला दीड फूट आहे, आईच्या गुडघ्यांना ती उतरण झेपत नाही म्हणून ती आताशा मागे येतच नाही. दाराच्या लेव्हलला १२ बाय १० चा डेक करायचा म्हणतोय, वरून लाकडी दिसायला पाहिजे. सुताराने ९० हजार सांगितले, हिशोब मागितला तर म्हणे "अंदाजे". मला अंदाजे नकोय, किती फळ्या, सिमेंटच्या किती बॅगा, किती किलो लोखंड ते सांगा. बजेट ४५, ओढूनताणून ५०. वर छप्पर नाही, दिवसभर ऊन.

भुसावळ_जंक्शन:
डोळे झाकून डब्ल्यूपीसी टाका, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी. मी गच्चीवर टाकलंय, गडद चॉकलेटी कलर, कडेने एलईडी पट्टी, एक लाख दहा हजार गेले पण जो येतो तो आधी फोटो काढतो. पाणी नाही, वाळवी नाही, पॉलिश नाही. एकदाच खर्च करा चांगला.

रावेर_केळीवाला:
भाऊ त्याने ४५ सांगितले, तुम्ही एक दहा काय सांगून राहिले.

भुसावळ_जंक्शन:
म्हणून तर म्हटलं थोडं थांबा, पैसे जमवा, पण करा चांगलं.

वरणगाव_फाटा:
भुसावळवाले भाऊ मे महिन्यात दुपारी दोनला त्या चॉकलेटी फळीवर अनवाणी उभं राहून दाखवा मग बोलू. आमच्याकडे पण हेच. ४५ डिग्रीत पोरगं चेंडू आणायला धावलं, पाय पोळले. आणि दोन वर्षांत चॉकलेटीचा राखाडी झाला. दुकानदाराला फोटो पाठवला तर म्हणे नॅचरल लुक आलाय. घ्यायचंच तर फिका रंग घ्या एवढंच सांगतो.

आबा_पारोळा:
डेक डेक काय लावलंय, आपल्याकडे त्याला ओटा म्हणतात. तीन बाजूंनी विटा रचा, मधे मुरूम भरा, वर शहाबादी फरशी. आमच्या आजोबांचा ओटा अजून आहे, त्याच्यावर बसून तीन पिढ्या शेंगा फोडी राहिल्या. संध्याकाळी बादलीभर पाणी मारलं की गार.

चाळीसगाव_ताई:
दादा, मुद्दा आईच्या उतरण्याचा आहे ना? मग सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या करून घ्या आणि बाजूला पाइपाचा कठडा. सासूबाईंसाठी आम्ही तेच केलं, सगळं मिळून सहा हजारात झालं. डेक हौसेचा वेगळा विषय.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या:
ताई बरोबर आहे तुमचं, पण तिला उतरायचं पण आहे आणि बसायचं पण आहे. खाली चिखल. पावसाळ्यात चप्पल रुतते.

यावल_७:
डेकवर भरीत भाजणार का? मग लाकूड विसरा.

रावेर_केळीवाला:
भरीत डेकवर कोण भाजतं? तुरीच्या काड्या पेटवून खाली मातीत वांगी भाजायची, वर बसून खायचं. आणि वांगी बामणोदचीच आणा.

यावल_७:
बामणोदचीच म्हणून आमच्याकडे कोणीही काहीही विकतं आता. असो.

धुळे_सिव्हिल:
आबांचा ओटा टिकला कारण तिथे खाली मुरमाड असणार. इथे काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते. १२ बाय १० चा दीड फूट भराव म्हणजे १८० घनफूट, धुमस करून बसवायला सव्वादोन-अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम लागेल आणि एवढं वजन काळ्या मातीवर थेट टाकलं तर तिसऱ्या वर्षी ओटा घराच्या भिंतीपासून बोटभर सुटतो. माझ्या स्वतःच्या घरी सुटलाय, धंदा हाच करून पण सुटलाय, म्हणून सांगतो.

आता हिशोब. डब्ल्यूपीसीची फळी साधारण पावणेसहा इंच रुंद, फट धरून सहा इंच. १० फुटात २० ओळी. फळी ८ फुटी असेल तर १२ फुटाच्या ओळीला दीड फळी, म्हणजे ३०, तूटफूट धरून ३३. खाली दर फुटाला आडवा पाइप लागतो (पोकळ फळी त्याच्यापेक्षा लांब अंतरावर झोल देते), तेरा पाइप, आणि जिथे जोड येतो तिथे डबल, म्हणजे पंधरा. त्याखाली तीन मोठे पाइप, त्याखाली बारा खांब. लोखंड सव्वादोनशे किलोच्या आसपास. खड्डे एक बाय एक, अडीच फूट खोल, मुरूम लागेपर्यंत गेलात तर उत्तम. बारा खड्ड्यांचं काँक्रीट ३० घनफूट, एकास दोनास चार (सिमेंट, वाळू, खडी) केलं तर सिमेंटच्या सहा बॅगा.

मला हल्ली लोखंड ७८ रुपये किलो पडलंय, फळी २५० रुपये स्क्वेअर फूट. सगळं धरून ६० च्या वर जातं. ४५ मधे बसत नाही.

पण एक करा. फळी ८ फुटी येते ना, मग डेकच ८ बाय १० ठेवा. फळी न कापता अख्खी बसते, मधे जोड नाही, डबल पाइप नाही. २० फळ्या, दोन जास्तीच्या. नऊ खांब, साडेचार-पाच बॅगा, लोखंड १३० किलो. वेल्डरची मजुरी धरून ४० च्या आसपास होईल.

भुसावळ_जंक्शन:
८ बाय १० मधे दोन खुर्च्या ठेवल्या की संपलं.

आबा_पारोळा:
आमच्या ओट्याला खांब नाही वेल्डर नाही.

शहादा_सागवान:
लाकूडच टाका, फक्त गाभ्याचं घ्या. सागाचा कडेचा पांढरा भाग वाळवी आधी खाते. आणि स्वतःच्या बांधावरचा साग असला तरी तोडायला परवानगी लागते हे विसरू नका, आमच्या काकांनी विसरून पाहिलंय. ८ बाय १० ला, म्हणजे ८० चौरस फुटाला, १ इंच जाडीने पावणेसात घनफूट, कापणी-रंध्याची घट धरून नऊ.

वरणगाव_फाटा:
नऊ घनफूट नवा साग म्हणजे ४५ तिथेच संपले. सिमेंट काय दात पाडून आणायचं?

रावेर_केळीवाला:
सिमेंट स्वस्त झालंय, जीएसटी २८ चा १८ झाला सप्टेंबर २०२५ पासून.

वरणगाव_फाटा:
आमच्या दुकानदाराला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

चाळीसगाव_ताई:
खाली पोकळ ठेवणार असाल तर कडेने बारीक जाळी मारा हो. आमच्या शेजाऱ्यांनी उघडं ठेवलं, पहिल्याच पावसाळ्यात खाली साप निघाला. मग आख्खी फळी उचकटावी लागली.

शहादा_सागवान:
आणि जमीन झाकायच्या आधी वाळवीचं औषध. क्लोरपायरीफॉस २० टक्के, एक लिटरला १९ लिटर पाणी. शेतीवाल्यांच्या घरात असतंच. हातमोजे घालून, आणि विहीर-बोअर जवळ असेल तर नको.

सुट्टीवर_आलेला_अमळनेरकर:
डब्ल्यूपीसी सगळ्यात बेस्ट, पाणी नाही, वाळवी नाही.

यावल_७:
हे वरती झालंय भो.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या:
सगळ्यांचे आभार. रविवारी दोरी लावून ८ बाय १० आखलं आणि मधे खाट ठेवून पाहिली, आई बसली, म्हणाली पुरे. धुळेवाल्या भाऊंचे नऊ खड्डे पक्के. दुसऱ्याच खड्ड्यात दोन फुटावर मुरूम लागला.

वरचं मात्र वेगळं करतोय. गावाकडचं आमचं धाब्याचं घर गेल्या वर्षी उतरवलं, त्याच्या सागाच्या कड्या (छताची आडवी लाकडं) काकांच्या खळ्यात पडल्यात. चार बाय चार इंच, आठ-साडेआठ फुटी, चांगल्या अकरा निघाल्या. एका कडीच्या तीन फळ्या धरल्या तर ३३. रंधा मारून पावणेचार इंच राहतील, पाव इंच फट, १० फुटाला ३० लागतात. तीन उरतात. आणायला छोटा हत्ती (छोटा टेम्पो) अठराशे घेतो.

भुसावळ_जंक्शन:
जुनं लाकूड उघड्यावर? दर वर्षी तेल पाजत बसाल. पुढच्या मे मधे फटी मोजा.

धुळे_सिव्हिल:
अकरात एखादी कडी आतून पोकळ निघाली तर तुमचं गणित हुकलं. पाच-सहा फळ्या जादा हव्यात.

शहादा_सागवान:
लाकडाला मी नाही म्हणणार नाही. पण प्रत्येक कडीवर हातोडी मारून आवाज ऐका, भद्द आला की बाजूला.

आबा_पारोळा:
तुमना पैसा, तुमनी मर्जी. ओटा सांगेल होता.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या:
हातोडी मारली, एक भद्दच आहे. म्हणजे दहाच, बरोबर ३०. आता अडचण अशी की दोन वखारवाल्यांकडे जाऊन आलो, दोघांनी कापायला नाही म्हटलं. जुन्या लाकडात खिळे असतात, पातं जातं म्हणे. जळगाव-भुसावळकडे जुनं लाकूड कापून देणारं कोणी आहे का?

यावल_७:
जुन्या स्पीकरचं चुंबक काढा, दोरीला बांधा आणि कडीवरून हळूहळू फिरवा, जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण. सगळे खिळे काढून न्या आणि वखारवाल्याला सांगा पातं गेलं तर पैसे माझे. आमच्या दाराच्या चौकटी तशाच कापून घेतल्यात, सतरा खिळे निघाले आणि एक घोड्याचा नाल.

पिंप्राळ्याचा_पोऱ्या:
स्पीकर आहे घरात. उद्या बघतो.