मदत हवी आहे: धनुष्याचं खालचं पातं पिळतंय

धामणीच्या (धामण झाडाच्या) लाकडाच्या सलग दांड्यातून साडेपाच फुटी धनुष्य काढतोय. दोरी चढवली की वरचं पातं सरळ राहतं, खालचं मात्र डावीकडे पिळतं आणि दोरी मुठीच्या मधोमध न येता कडेला सरकते. दोरी उतरवल्यावर पीळ दिसत नाही, म्हणजे लाकूड मुळात वाकडं नसावं. टोकाच्या खाचा कानशीने सारख्या केल्या, फरक शून्य. कॅलिपर लावला तर खालच्या पात्याची उजवी कड किंचित जाड भरते.

आता पोटाकडून (दोरीकडच्या बाजूने) फक्त ती जाड कड खरवडू, की हीट गनने तापवून उलटा पीळ देऊन क्लॅम्पमध्ये आवळू? खरवडलं तर ताण (दोरी खेचायला लागणारा जोर) घटणार, आणि आधीच 35 पौंडांवर आलंय! लाकडाच्या रेषाही तिथे जरा तिरक्या आहेत, त्याचा संबंध असेल का? धामणीवर हात चालवलेल्यांनी कृपया सांगा.