मदत हवी आहे: आरएनएला प्रथिनाची गरज लागली तरी कशी?

मंडळी,

एमएस्सीच्या मुलांना 'आरएनए जग' (सुरुवातीच्या जीवसृष्टीत प्रथिनांची कामं आरएनएच करत असे, ही कल्पना) शिकवतेय आणि आरएनेज-पी या एन्झाइमपाशी गाडी अडली आहे.

हे एन्झाइम कच्च्या टीआरएनएचं (प्रथिनं बनवताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या आरएनएचं) ५' बाजूचं, म्हणजे सुरुवातीच्या टोकाचं, शेपूट छाटतं. जिवाणूंत त्याचे भाग दोनच, सुमारे ४०० न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचा) आरएनए आणि एक छोटंसं प्रथिन. १९८३ मध्ये सिडनी ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की परीक्षानळीत मॅग्नेशियम भरपूर असेल तर आरएनए एकटाच छाटणी करतो. प्रथिन एकटं काहीच करत नाही. तरी ई. कोलाय या जिवाणूमधून तेच प्रथिन काढलं तर पेशी जगत नाही!

पुढे आर्किआंत (जिवाणूंसारख्याच दिसणाऱ्या पण वेगळ्या एकपेशीय जीवांत) चार-पाच प्रथिनं, माणसाच्या केंद्रकात दहाएक. आपल्या मायटोकॉन्ड्रियात तर आरएनएचा पत्ताच नाही, नुसत्या प्रथिनांवर काम भागतं. पुस्तकं म्हणतात, "प्रथिनांमुळे कार्यक्षमता वाढली." छाटणी तीच, मग कामाला प्रथिनं दहापट कशाला? सरकारी खातं आहे का?

मला वाटतं, प्रथिन आधी दुसऱ्याच कारणाने चिकटलं असेल. त्याच्या आधारामुळे आरएनएतले बारीकसारीक बिघाड खपून गेले, साचत गेले, आणि मग त्याच्याशिवाय पान हलेना. फायदा काहीच नाही, नुसती अडकणूक. याला प्रयोगाचा आधार आहे का? तर्क नकोत, ते माझ्याकडे पोत्याने आहेत.

प्रतिसाद १:
ताई, आरएनेज-पी जरा बाजूला ठेवा, न्यूरोस्पोरा बुरशी बघा. तिच्यातल्या सीवायटी-१८ प्रथिनाचं मूळ काम टायरोसिन टीआरएनएला जोडणं. पण मायटोकॉन्ड्रियातले काही गट-१ इंट्रॉन (आरएनएतून स्वतःला कापून बाहेर काढणारे मधले तुकडे) त्याने धरून ठेवल्याशिवाय सुटत नाहीत. कापतो मात्र आरएनएच.

आता प्रयोग. टेट्राहायमिना या एकपेशीय जीवाचा असाच इंट्रॉन (थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये दाखवलेला) प्रथिनाविना चालतो. त्यातला पी५एबीसी हा टेकू देणारा तुकडा उडवला की साध्या मॅग्नेशियमच्या पातळीला काम ठप्प. सीवायटी-१८ घातलं की परत सुरू. १९९४ चं काम आहे.

पण यातून प्रथिन आरएनएच्या तुकड्याची जागा घेऊ शकतं एवढंच दिसतं, ते फायद्याविना घडलं असं नाही. शिवाय इंट्रॉन धरायला सीवायटी-१८ ला जे जास्तीचे भाग आहेत, ते जिवाणूंच्या त्याच एन्झाइमात नाहीत. म्हणजे प्रथिनावर निवडीचा हात फिरलेला असणार.

धागाकर्ती:
धन्यवाद! मग नेमकं हवंय ते असं: ते जास्तीचे भाग बुरशीत इंट्रॉन अवलंबून राहू लागल्यावर आले की आधीच होते? जवळच्या बुरश्यांची तुलना कुणी केली आहे का?