मदत हवी आहे: जॉबसेंटरने (सरकारी रोजगार कार्यालयाने) पैसे कापले, इंग्लंडमधल्या जाणकारांनी कृपया सांगा

अबोली_इंग्लंड:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचत आले, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी मिडलंड्समध्ये राहते, ब्रिटिश नागरिक आहे. एका गोदामाच्या ऑफिसात अकरा वर्षं पगाराचे हिशेब पाहिले. या जूनमध्ये ते काम दुसऱ्या शहरात गेलं आणि आम्हा सहाजणींना रिडंडन्सी मिळाली, म्हणजे नोकरी गेली. घटस्फोट झालाय, मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला दमा आहे. युनिव्हर्सल क्रेडिट (काम नसलेल्यांना किंवा कमी कमाई असलेल्यांना मिळणारा सरकारी भत्ता) लागू झालं, आणि शिल्लक सहा हजार पाउंडांच्या आत असल्यामुळे तिच्यापायी काही कमी झालं नाही. पहिले पाच आठवडे हातात काहीच येत नाही, म्हणून ॲडव्हान्स (आगाऊ रक्कम) घेतला. तो आता दर महिन्याला कापला जातोय.

जॉबसेंटरमधले आधीचे कोच (माझं काम शोधणं पाहणारे कर्मचारी) फार समजूतदार होते. सप्टेंबरात ते बदलले. नव्या बाईंनी माझ्या क्लेमंट कमिटमेंटमध्ये (भत्त्यासाठी मान्य कराव्या लागणाऱ्या अटींत) आठवड्याला ३५ तास काम शोधायचं असं घातलं. ऑनलाइन खात्यात 'स्वीकार' दाबल्याशिवाय पैसे सुरू राहणार नाहीत म्हणाल्या, मी दाबलं. जायला दीड तास आणि यायला दीड तास लागणारी नोकरीही घ्यावी लागेल, असंही सांगितलं. मुलीची शाळा ८:५० ते ३:१५. घरी दुसरं कोणी नाही.

आता मुख्य गोष्ट. एका मंगळवारी ९:१० ची अपॉइंटमेंट होती. रात्रभर लेकीला धाप लागत होती, पंप देऊनही छाती वाजत होती. सकाळी जीपीने (आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी) तातडीची ९ ची वेळ दिली. ८:४२ ला मी जर्नलमध्ये (ऑनलाइन खात्यात निरोप लिहायच्या जागी) लिहिलं: "मुलीला श्वास घ्यायला त्रास होतोय, डॉक्टरकडे नेते आहे, आज येता येणार नाही, कृपया दुसरी वेळ द्या." एका हाताने तिला कोट घालत दुसऱ्या हाताने टाइप केलं होतं, तो मेसेज अजून तसाच दिसतोय. उत्तर आलं शुक्रवारी: "तुम्ही का आला नाहीत?" मी सगळं पुन्हा लिहिलं. पुढची वेळ मिळाली त्यानंतरच्या बुधवारी, त्या दिवशी मी दहा मिनिटं आधी हजर होते. तरी या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये पंधरा दिवसांचं सँक्शन (अट मोडली म्हणून कपात). जवळजवळ दोनशे पाउंड गेले.

शिवाय कोचबाई म्हणतात, फाइंड अ जॉब या सरकारी नोकरी-शोध संकेतस्थळाचं लॉगिन आणि पासवर्ड द्या, म्हणजे आम्हाला तपासता येईल. हे द्यावंच लागतं का?

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. सरकारी माणसाशी वाद घालू नये असंच ऐकत वाढले. मी दाद मागितली तर या बाई दर आठवड्याला काहीतरी खुसपट काढतील का? आईला पुण्याला अजून नोकरी गेल्याचंही सांगितलेलं नाही.

---

घाटवाट:

अबोलीताई, आधी लेक कशी आहे ते कळवा.

मी एका मोफत सल्लाकेंद्रात सात वर्षं स्वयंसेवक होतो, अशी प्रकरणं पुष्कळ पाहिली आहेत. तुमची बाजू भक्कम आहे.

पहिली गोष्ट, सँक्शन कोच लावत नाही. ती फक्त प्रकरण पुढे पाठवते, निर्णय डिसिजन मेकर घेतो आणि तो तुम्हाला कधी भेटलेला नसतो. त्याच्यासमोर जे कागद जातात तेवढंच त्याला दिसतं. तुमचा ८:४२ चा मेसेज त्याच्यापर्यंत गेलाच नसेल, असं बऱ्याचदा होतं. म्हणून मँडेटरी रिकन्सिडरेशन (निर्णयाचा फेरविचार) मागा. निर्णयाच्या तारखेपासून एक महिन्याची मुदत असते. उशीर झाला तर कारण देऊन तेरा महिन्यांपर्यंत मागता येतं, पण तुम्ही थांबू नका, आज रात्रीच लिहा. जर्नलमधूनच मागता येतं. निर्णय बदलला नाही तर फर्स्ट-टिअर ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) अपील करायला आणखी एक महिना असतो. फी नाही, वकील लागत नाही, आणि ते ट्रायब्युनल बेनिफिट खात्याच्या हाताखालचं नाही.

लिहिताना 'गुड रीझन' हे दोन शब्द वापराच. कायद्यात सगळं त्यावरच अडतं: न येण्याला रास्त कारण होतं की नव्हतं. आजारी मूल आणि जीपीची तातडीची वेळ हे कारण नाही तर काय? जीपीच्या रिसेप्शनवरून त्या दिवशी ९ वाजता तुम्ही तिथे होतात एवढी एक ओळ लिहून घ्या. जर्नलच्या मेसेजचा वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि एक बारीक मुद्दा, तो लोक हमखास सोडतात. अपॉइंटमेंट चुकल्याचं सँक्शन दोन भागांत मोजतात: तुम्ही पुन्हा संपर्कात येऊन अट पूर्ण करेपर्यंतचे दिवस, आणि वर पहिल्या खेपेचे सात दिवस (दुसऱ्या खेपेला १४, तिसऱ्याला २८). तुमचे आठ अधिक सात झाले पंधरा. पण तुम्ही त्याच सकाळी दुसरी वेळ मागितली होती! ती त्यांनी आठ दिवसांनी दिली, तो उशीर तुमच्या माथी का? मुख्य मागणी सगळं सँक्शन रद्द करण्याची ठेवा, आणि निदान हे आठ दिवस तरी मोजू नयेत असं वेगळ्या परिच्छेदात लिहा. २०२५-२६ च्या दराने तुमचा स्टँडर्ड अलाउन्स (भत्त्याची मूळ रक्कम) महिन्याला ४००.१४ पाउंड, म्हणजे रोजचे साधारण १३.

घरभाड्याचा आणि मुलीचा भाग सँक्शनमध्ये कापता येत नाही. स्टेटमेंट उघडून एकेक ओळ तपासा. फारच ओढाताण झाली तर हार्डशिप पेमेंट मागता येतं, पण ते कर्ज आहे, पुढे कापून घेतात.

---

सुगंधा_लेस्टर:

३५ तासांबद्दल मी सांगते, कारण मी स्वतः यातून गेले. मूल ३ ते १२ वर्षांचं असेल आणि तुम्हीच त्याला सांभाळत असाल, तर अपेक्षित तास जास्तीत जास्त ३० (ऑक्टोबर २०२३ पासून). तेही शाळेच्या वेळेत, शाळेत ने-आण करण्याचा वेळ धरून, बसायला हवेत. तुमची शाळा ३:१५ ला सुटते, मग दीड तासावरची नोकरी त्यात बसते कुठे? जर्नलमध्ये लिहा की मुलीच्या वयामुळे आणि दम्यामुळे कमिटमेंट बदलून हवी आहे. स्वीकार दाबला म्हणजे कायमचं बांधलं गेलं असं नसतं, परिस्थिती सांगून बदल केव्हाही मागता येतो.

लॉगिन-पासवर्ड देऊ नका. तुम्ही काम शोधताय याचा पुरावा त्यांना मागता येतो, तुमच्या खात्याची किल्ली नाही. मी एक साधी दोनशे पानी वही ठेवली होती: तारीख, कंपनी, कुठे अर्ज केला, काय उत्तर आलं, किती वेळ गेला. टेबलावर ती उघडून ठेवली की बोलणं दोन मिनिटांत उरकायचं. अपॉइंटमेंटला सोबत कुणाला नेता येतं. मी शेजारच्या गुजराथी मावशींना न्यायचे. त्या एक अक्षर बोलायच्या नाहीत, नुसत्या बाजूला बसायच्या, तरी समोरच्याचा सूर बदलायचा.

खुसपटाची भीती मलाही होती. उलट झालं. कागदावर लिहिणारी बाई आहे म्हटल्यावर माझ्याशी नीट बोलायला लागले.

आणि आईला सांगा हो. अकरा वर्षं दर पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापून दिलाय तुम्ही. हे भीक मागणं नाही.

---

घाटवाट:

सुगंधाताईंशी सहमत. धागा वाचणाऱ्या इतरांसाठी एक सूचना, कारण आपल्यातले पुष्कळजण वर्क व्हिसावर आहेत: तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) ही अट असेल तर युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज करू नका, पुढे व्हिसाला अडचण येईल. आधी इमिग्रेशनचा सल्ला घ्या.

---

अबोली_इंग्लंड:

सगळ्यांचे मनापासून आभार. लेक आता बरी आहे, सोमवारपासून शाळेत जाते.

त्याच रात्री बसून रिकन्सिडरेशनची मागणी पाठवली. जीपीच्या रिसेप्शनवरच्या मुलीने चिठ्ठी लगेच दिली, वर "आणखी काही लागलं तर सांगा" म्हणाली. कमिटमेंट बदलायला वही घेऊन आणि जाऊबाईंना सोबत घेऊन गेले (नातं तुटलं तरी त्या माझ्याच बाजूच्या आहेत). कोचबाईंनी नियम स्क्रीनवर उघडून पाहिला, थोडा वेळ गप्प बसल्या आणि तास २५ केले. पासवर्डचा विषय त्यांनी काढला नाही. पुढची वेळ मीच मागून १०:१५ ची घेतली.

काल रात्री आईशी बोलले. तिने पहिलं विचारलं ते "जेवतेस ना नीट?"

सँक्शनचं उत्तर अजून आलेलं नाही. महिना उलटला तरी आलं नाही, तर विचारणा जर्नलमध्येच करायची की फोनवर?

---

घाटवाट:

दोन्हीकडे. फोन केलात की तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लगेच जर्नलमध्ये टाका. आणि उत्तराचं पत्र आलं की त्यावरची तारीख पहिली पाहा, अपीलचा महिना तिथून सुरू होतो.