डोकं ठिकाणावर असताना थेरपीला जायचं का?

कलमवाला_देवगड
नमस्कार मंडळी. वय ३६, सहा वर्षांपूर्वी मुंबईची नोकरी सोडून घरची आंब्याची कलमं बघायला आलो. झोप लागते, जेवण जातं, कामं होतात, म्हणजे आजारी असं काही नाही. पण अण्णांनी फवारणीवरनं एक शब्द काढला की माझा आवाज चढतो आणि मग दोन दोन दिवस आम्ही पोराच्या मार्फत बोलतो (पोरगा सात वर्षांचा, तो आता निरोपामागे चॉकलेट मागतो). यंदा सीझनला वाशीच्या दलालापुढे पेटीच्या भावाचं बोलताना तोंडातून शब्दच फुटला नाही, आणि तो राग निघाला बायकोवर. ती म्हणते काउन्सेलरकडे जा. इकडे 'रत्नागिरीला नेला' (तिथल्या मनोरुग्णालयात) म्हटलं की लोक काय समजतात ते सांगायला नको. नुसतं बोलून माणूस सुधारतो का? आणि तासभर बोलायचं तरी काय?

सड्यावरची
मी वर्षभर घेतली, ऑनलाइन. पहिल्या सेशनला पाऊण तास सासूबद्दल बोलले, बाई नुसत्या ऐकत होत्या, सल्ला एक नाही, मला वाटलं पैसे पाण्यात गेले. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांनी वहीत रकाने आखायला लावले, काय घडलं, त्या क्षणी मनात काय आलं, राग शंभरपैकी किती, आणि मनात आलं त्याला पुरावा काय. आठवडाभर लिहिलं. बाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या आता यातल्या प्रत्येक 'च'ला गोल करा. 'मला विचारलंच पाहिजे', 'सगळं वेळेवर झालंच पाहिजे'. एका पानावर अकरा गोल निघाले! अल्बर्ट एलिस म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५५ साली ही पद्धत मांडली, मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. घटना आणि राग यांच्या मधे आपला हट्ट बसलेला असतो, तो हुडकायचा. सासू आहे तशीच आहे हो, पण मी आता भांडी आपटत नाही.

मालवणी_खाजा
माका पण असाच वाटायचा, गावात कळला तर लोक काय म्हणतीत. गेलंय तर थंय वेटिंगमध्ये आमच्याच वाडीतलो एक बसलेलो. दोघांनीय मोबाइलात तोंड घातला. आता भेटलो की हसतो, इतक्याच.

मांडवीकर
दादा, आधी कोण कोण ते समजून घ्या. सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, औषध तो देतो. क्लिनिकल सायकोलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती बिनधास्त विचारा. काउन्सेलर ही पाटी मात्र कोणीही लावतो, तेव्हा शिक्षण विचारूनच पुढे जा. फी आणि किती सेशन लागतील तेही पहिल्याच फोनला. सूर जुळला नाही तर माणूस बदला, त्यात गैर काही नाही. गुपित बाहेर जाईल ही भीती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता तुमचा हक्क आहे. नुसतं विचारायचं असेल तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि रत्नागिरीचं मनोरुग्णालय म्हणजे ठाणे, येरवड्यासारखंच सरकारी हॉस्पिटल, त्याची शिवी कोणी केली देव जाणे.

सड्यावरची
एक राहिलंच, पावसात रेंजचं बघा. माझे तीन सेशन अर्ध्यात तुटले, शेवटी छत्री घेऊन कातळावर जाऊन बसायचे, आणि गुराखी लांबून बघायचा की ही बाई एकटीच रडते कशाला.

कलमवाला_देवगड
सगळ्यांचे आभार. बुधवारची संध्याकाळची वेळ मिळाली आहे. अण्णांना सांगितलं, दलालाशी बोलायला शिकायला जातोय. म्हणाले, भावाचं मी बघतो, तू पेट्या भर. आवाज चढला नाही असं म्हणणार नाही, पण वहीत लिहिलं. 'अण्णांनी मला मोजलंच पाहिजे.' पुराव्याच्या रकान्यात अजून काही सुचत नाहीये.