मदत हवी आहे: क्वेस्ट ३एस एक, डोकी चार

घरात चौघांत मिळून एकच क्वेस्ट ३एस (डोळ्यांवर चढवायचा मेटाचा व्हीआर हेडसेट). खाती चार केली आहेत (मुख्य एक, जादा तीन, त्यापुढे होत नाहीत) आणि मुख्य खात्यावरून ॲप शेअरिंग चालू आहे. धाकटी ११ वर्षांची, तिचं खातं पालकांच्या देखरेखीखालचं. तिथवर ठीक. अडलंय ते भिंगांपाशी.

हेडसेटची भिंगं एकमेकांपासून ५८, ६३ आणि ६८ मिमी या तीनच अंतरांच्या खाचांत बसतात. बाहुल्यांमधलं अंतर मात्र बाबांचं ७०, धाकटीचं ५५. माणूस बदलला की भिंगं सरकवायची. विसरलं की अक्षरं पुसट आणि दहा मिनिटांत डोकं जड. धाकटीला ५८ वरही कडेचं नीट दिसत नाही. तिच्यासाठी पट्टा खालीवर करून काही साधतं, की वेळच कमी ठेवायचा?

दुसरं, आईचा चष्मा उणे ३.५ चा, फ्रेम रुंद. काच भिंगाला घासून ओरखडे पडायची भीती. नंबरची चुंबकी भिंगं घेतली तर दर वेळी काढ-घाल करताना ती टिकतात का? आणि घामासाठी प्रत्येकाचा वेगळा फेस पॅड बरा, की एकच सिलिकॉनचा, पुसून वापरायचा? भिंगांना स्पिरिट लावत नाही, कोरडं मायक्रोफायबरच.