मदत हवी आहे: भाच्याच्या फोटोवर इफेक्ट जास्त झालाय का? झाला असेल तर कसा सावरू?

नमस्कार मंडळी. फोटोग्राफी हा माझा छंद, चार वर्षं झाली. इथले जुने धागे वाचूनच बरंचसं शिकलो. आज पहिल्यांदा स्वतःसाठी विचारतोय.

दिवाळीच्या सुट्टीत ताई माहेरी आली होती. भाचा सहा वर्षांचा. अंगणात किल्ला चालला होता, कोपरापर्यंत चिखल, गालावर चिखलाचा एक फराटा. मावळे कुठे उभे करायचे या विचारात तो सोप्याच्या पायरीवर टेकला आणि मधेच त्याने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मी क्लिक केलं. उजेड डावीकडून, संध्याकाळचा. ५० मिमी लेन्स, एफ २.८, आयएसओ ८००. फोकस डोळ्यांवर अचूक. चार वर्षांत एवढा चांगला फोटो माझ्या हातून निघाला नव्हता.

पुढचं मी केलं ते असं. आंद्झेई ड्रागान या पोलिश फोटोग्राफरची पोर्ट्रेट्स मला फार आवडतात. रंग उडालेले, चेहऱ्याची प्रत्येक रेघ कोरल्यासारखी, भोवती अंधार. ‘ड्रागान इफेक्ट’ म्हणून त्याची शेकडो ट्युटोरियल्स आहेत. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॅरिटी +८०, बारीक पोत उठवणारं टेक्स्चर +४०, धूसरपणा काढणारं डिहेझ +२५, रंगांचा गडदपणा ठरवणारं सॅच्युरेशन -४५. मग फोटोशॉपमध्ये दोन रात्री बसून डॉज आणि बर्न (जागोजागी उजळ आणि गडद करणं), शेवटी जाड व्हिनेट, म्हणजे कडांना काळोख.

आमच्या क्लबात सगळ्यांनी वाहवा केली, प्रदर्शनाला पाठव म्हणाले. मी मोठ्या हौसेने १२ बाय १८ इंचांची प्रिंट काढून घरी नेली. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अरे, पोरगं आजारातनं उठल्यासारखं दिसतंय.” ताई काही बोलली नाही, पण प्रिंट अजून आमच्याच कपाटावर आहे. ती न्यायची विसरली असं मला वाटत नाही.

तेव्हापासून तो फोटो मला बघवत नाही. आई म्हणते ते आता मलाही दिसतंय, पण नेमकं कुठे बिघडलं ते सांगता येत नाही. चुकलं कुठे? लहान मुलांवर हा इफेक्ट करूच नये का? रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, काहीच काम न केलेली) आहे, तर सुरुवातीपासून नीट कसं करू? आणि प्रदर्शनाला कोणता पाठवू?

घाटमाथा:
फोटो इथे टाकला नाहीत ते बरं केलंत, मूल घरचं आहे. आकड्यांवरूनच अंदाज येतो.

क्लॅरिटी मधल्या छटांमधला स्थानिक कॉन्ट्रास्ट, म्हणजे शेजारशेजारच्या उजळ-गडद जागांतला फरक, वाढवते. साठीच्या माणसाच्या चेहऱ्यावर तिला सुरकुत्या सापडतात, दाढीचे खुंट सापडतात, आणि ते उठून दिसणं शोभतं, कारण ते त्या माणसाने जगून मिळवलेलं असतं. सहा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर रेघाच नाहीत. मग ती मिळेल ते उचलते: डास चावलेली जागा, फुटलेले ओठ, गालावरची लव, डोळ्यांखालची निळसर शीर. तिथली कातडी मुळातच पातळ. त्यात तुम्ही सॅच्युरेशन ४५ ने उतरवलंत, म्हणजे ओठांतला आणि गालांतला तांबूसपणा गेला आणि ती निळसर जागा राखाडी झाली. आईंना दिसलेला आजार तो हाच.

चिखलाचा फराटाही एकदा झूम करून बघा. रंग गेला आणि कडा धारदार झाल्या की वाळलेला चिखल जखमेच्या खपलीसारखा दिसतो.

ओली माती:
मी थोडं वेगळं म्हणेन. एडिटिंग म्हणजे खोटेपणा असं धरून चालू नका. कृष्णधवल फोटो हाही इफेक्टच आहे. क्लबातल्या लोकांना त्यात काही दिसलं असेल तर ती आवृत्ती पुसू नका, वेगळी ठेवा. मुलांवर हे करूच नये असा नियम मला तरी मान्य नाही.

निगेटिव्ह:
माझी हयात स्टुडिओत गेली. आमच्याकडे मोठ्या निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग व्हायचं. आधी निगेटिव्हवर वार्निशसारखं औषध चोळायचं, म्हणजे शिसं धरतं. मग सुईसारखं टोक काढून उजेडाच्या डेस्कवर बारीक ठिपके भरत बसायचं. प्रिंटमध्ये जी सुरकुती काळी येते, ती निगेटिव्हवर उजळ असते. ती भरली की प्रिंटमध्ये मऊ होते. एका चेहऱ्याला तास-तास लागायचा.

मला शिकवणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की लहान मुलाच्या निगेटिव्हला पेन्सिल लावायची नाही, फार तर नाकाखाली पुसायचं राहिलं असेल तेवढं. कारण व्यवहाराचं होतं. मुलाचा फोटो आई-वडील न्यायचे, आणि त्यांना त्या चेहऱ्यातला कणभर बदलही कळायचा. तुमच्या आईंनाही तसंच कळलं.

दोन मुलांची आई:
तंत्रातलं मला कळत नाही. पण ताईंना विचारलंत का? कपाटावर बघून अंदाज बांधण्यापेक्षा फोन करा. आणि प्रदर्शनाला पाठवायच्या आधी त्यांची परवानगी घ्या. भाच्यालाही दाखवा. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या फोटोबद्दल मत असतं.

घाटमाथा:
‘दोन मुलांची आई’ यांचा मुद्दा शंभर टक्के पटला.

ओली माती, २००६ साली फोटोग्राफर जिल ग्रीनबर्ग यांनी लॉस एंजेलिसमध्ये रडणाऱ्या लहान मुलांची पोर्ट्रेट्स मांडली होती. मुलांना लॉलीपॉप देऊन परत काढून घेतलं की ती रडत. फोटोंवर एवढं काम केलेलं की त्वचा चकाकते आणि अश्रू काचेचे वाटतात. त्यावर मोठा गदारोळ झाला. मला स्वतःला ते फोटो बघवत नाहीत, पण एवढं कबूल करतो की त्यांना तेव्हाच्या अमेरिकी सरकारवरचा राग मांडायचा होता आणि इफेक्ट त्या रागासाठी होता. इथे मूल किल्ला करतंय, खुशीत आहे. त्याच्याभोवती काळोख कशासाठी हवा?

धागाकर्ते, आता कामाचं. रॉ फाइल आहे म्हणजे काहीच बिघडलेलं नाही. लाइटरूममध्ये व्हर्च्युअल कॉपी करा आणि तिच्यावर रीसेट मारा, जुनं काम तसंच राहील. पूर्ण फोटोला क्लॅरिटी ५ ते १०, त्यापुढे नाही. सॅच्युरेशनला हात लावू नका. मागचा हिरवा रंग खुपत असेल तर रंगांच्या पॅनलमध्ये फक्त हिरवा उतरवा. नारिंगी तसाच ठेवा, आपल्या कातडीचा रंग तिथेच असतो.

मास्किंगमध्ये (फोटोचा ठरावीक भागच निवडायची सोय) व्यक्ती निवडली की चेहऱ्याची त्वचा, बुबुळं, ओठ वेगवेगळे मिळतात. चेहऱ्याच्या त्वचेला टेक्स्चर -८ च्या आसपास. त्याहून खाली गेलात तर मेणाचा बाहुला होईल आणि तो याहून वाईट. बुबुळांना एक्स्पोजर +०.२ पुरे. क्लॅरिटीची हौस आहे ना? मग ब्रशने ती हातांवरच्या चिखलाला द्या, ४० पर्यंत खुशाल. तिथे ती शोभेल, कारण बोटांवरच्या वाळलेल्या मातीला खरोखरच भेगा असतात.

झालं की लगेच प्रिंटला देऊ नका. एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी आधी लहान आकारात बघा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. कालच केलं.

चिखलाबद्दल म्हणालात ते अगदी खरं निघालं. जुन्या प्रिंटमध्ये तो फराटा खपलीसारखाच दिसतोय आणि इतके दिवस मला तो दिसला नव्हता. हातांना क्लॅरिटी दिल्यावर मात्र माती अशी उठून आली की मला अंगणातला वास आठवला.

ताईला फोन केला. ती म्हणाली, “मला वाटलं तुझ्या मेहनतीला नावं ठेवल्यासारखं होईल, म्हणून गप्प बसले.” तिला नवा फोटो पाठवला, तो तिने लगेच भाओजींना पाठवला. मग भाच्याला दोन्ही दाखवले. त्याने चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाला, “मामा, यात माझा किल्ला कुठाय?”

किल्ला फ्रेममध्ये होता. उजवीकडे खाली, दोन बुरूज आणि पेरलेलं हळीव. जुन्या फोटोत व्हिनेटमध्ये मीच तो काळा केला होता आणि नंतर क्रॉपही केला, म्हणजे कड कापली; नव्यातही तोच क्रॉप ठेवला होता. आता क्रॉप उघडलाय, कोपरा थोडा उजळलाय. दोन्ही बुरूज दिसतात, दारावरचा एक मावळाही. प्रदर्शनाला हाच जाईल, ताईने हो म्हटलंय.

निगेटिव्ह, एकच विचारायचं राहिलं. फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची आहे, म्हणजे १२ बाय १८ ला अडचण नाही. पण कागद मॅट (बिनचमकीचा) घेऊ की लस्टर (हलक्या चमकीचा)? ताईच्या घरी हा दारासमोरच्या भिंतीवर लागणार आहे आणि दुपारी तिथे थेट ऊन येतं.

निगेटिव्ह:
मॅट घ्या, फ्रेमच्या काचेवरची चमक आणि कागदावरची चमक एकमेकांत मिसळली की चेहरा दिसत नाही. मॅटवर काळा थोडा फिका उतरतो, म्हणून आधी ४ बाय ६ ची चाचणी प्रिंट काढा आणि सोप्यात, दिवसाच्या उजेडात बघा. आणि थेट उन्हात कोणतीही रंगीत प्रिंट उडते. ताईंना बाजूची भिंत सुचवा.