मदत हवी आहे: फुल डुप्लेक्समध्ये स्वतःचाच सिग्नल दुपारनंतर आवरत नाही

नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रोजेक्टात अडकलोय. एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी पाठवायचं आणि ऐकायचंही, असा (म्हणजेच फुल डुप्लेक्स) छोटा बेस स्टेशन करतोय. 8 अँटेना पाठवायला, शेजारच्या पॅनेलवर 8 ऐकायला. पाठवतोय 20 डीबीएमने, आणि 20 मेगाहर्ट्झला थर्मल नॉइज (उष्णतेमुळे असणारा किमान गोंगाट) असतो -101 डीबीएम. एवढी तफावत एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) गळ्यात मारता येत नाही: 12 बिट कागदावर 74 डीबी देतात, ओएफडीएमच्या (डेटा अनेक उपवाहकांवर वाटून पाठवण्याच्या पद्धतीच्या) शिखरांना जागा ठेवली की त्याहूनही कमी. म्हणून आपल्याच रिसीव्हरकडे गळणारा स्वतःचा सिग्नल एडीसीच्या आधीच जमेल तेवढा मारायचाय.

त्यासाठी राइस विद्यापीठाची सॉफ्टनल पद्धत घेतली (त्यांचे अँटेना 72, आमची ऐपत 8). दोन पॅनेलमधलं चॅनेल मोजायचं, एसव्हीडी (चॅनेलच्या मॅट्रिक्सचं वेगवेगळ्या दिशांत विभाजन) काढायचं आणि आपल्याकडे सगळ्यात कमी गळणाऱ्या दिशांनीच पाठवायचं. 8 पैकी 4 दिशांवर पाणी सोडलं.

स्वतःचा सिग्नल दाबण्यात सिम्युलेशनमध्ये 50 डीबीच्या पुढे जातो. लॅबमध्ये सकाळी कॅलिब्रेशन केल्या केल्या 29, डबा खाऊन आलो की 15! मधे कुणी हातही लावलेला नसतो. 10 मेगाहर्ट्झचं क्लॉक सगळ्या रेडिओंना एकच आहे. रिसीव्हरच्या पीएलएल (क्लॉकवरून रेडिओची फ्रिक्वेन्सी बनवणारी सर्किटं) सरकत असाव्यात का?

प्रतिसाद:
रिसीव्हरवर उगाच आळ घेताय. तिकडचा फेज कितीही फिरला तरी शून्याचं शून्यच राहणार. पाठवणाऱ्या चेन (प्रत्येक अँटेनामागची रेडिओ सर्किटं) एकमेकींच्या तुलनेत सरकल्या की मात्र नल (तो शून्य केलेला भाग) भरून येतो. 1 अंशाच्या चुकीला 35 डीबीच्या आसपास अडकता, 10 अंशांना 15. तुमचा आकडा बघूनच शंका आली. क्लॉक एक असलं तरी प्रत्येक रेडिओची पीएलएल वेगळी, तापली की आपल्या वाटेने जाते. प्रीकोडर (कुठल्या अँटेनाने काय पाठवायचं ते ठरवणारं मॅट्रिक्स) न बदलता दर मिनिटाला चॅनेल मोजा, कळेल.

आणि आसपास काय ठेवलंय? खोलीत परावर्तनं वाढली की 4 दिशा सोडून भागत नाही. सॉफ्टनललाही मोकळ्यावर जमलं तेवढं आत जमलं नव्हतं.

धागाकर्ता:
मोजलं. पाठवणाऱ्या दुसऱ्या आणि सातव्या चेनमध्ये दुपारपर्यंत 11 अंशांचा फरक! नव्याने चॅनेल मोजून प्रीकोडर काढला की परत 28. आता दर दोन मिनिटांनी तेच करतोय. त्यापुढे जात नाही, कारण दीड मीटरवर लोखंडी कपाट आहे. ते हलवायला लॅब असिस्टंटची परवानगी लागते, आणि ते सोमवारपर्यंत रजेवर आहेत.